निळ्या चुन्याचं साल

“निळं लागलं का?”

ठकूबाईंनी लेण्याच्या दारातूनच विचारलं. चपला बाहेर काढल्या, पदराने तोंड पुसलं आणि आत येऊन नेहमीच्या खांबाला टेकून बसल्या.

“अजून नाही, आजी.”

“मग काय लागलं?”

“पांढरं.”

“त्याच्या खाली?”

“पांढरंच.”

“बाई बाई,” त्या स्तूपाकडे बघून म्हणाल्या, “किती चुना खाल्लाय ह्यानं.”

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरदऱ्याच्या डोंगरात एक लहानसं बौद्ध लेणं आहे. एक चैत्यगृह, त्याच्या मधोमध खडकातच कोरलेला स्तूप, आणि बाजूला भिक्खूंच्या राहण्याच्या दोन-तीन खोल्या. त्या वर्षी ते तीर्थस्थळ आणि सांस्कृतिक वारसा म्हणून विकसित करायचं ठरलं होतं. डोंगरावर दगडी पायऱ्या, पायऱ्यांना कठडा, पाण्याची टाकी, माहितीचे फलक, खाली वाहनतळ, आणि स्तूपावर वर्षानुवर्षं चढलेला चुना काढून मूळ दगड उघडा करायचा. हे शेवटचं काम आमच्याकडे होतं. पेठकर सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. आणखी दोघं जण मागच्या खांबांवर काम करायचे.

चुना खालच्या वस्तीने लावलेला होता. धर्मांतरानंतर वस्तीतल्या माणसांनी हे लेणं साफ केलं. त्याआधी इथे शेळ्या बसायच्या. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सकाळी वस्ती वर यायची आणि स्तूपाला चुन्याचा हात द्यायची. ज्या जोडप्याला त्या वर्षी पहिलं मूल झालं असेल, त्यांचा चुना कालवण्याचा मान. चुना वाळला की गेल्या पौर्णिमेनंतर जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा तळवा कपड्यांच्या निळीत बुडवून स्तूपावर उमटवायचा. पुढच्या वर्षी त्या हातांवर नवा चुना, आणि नव्या चुन्यावर नवे हात.

“मागचं लेकरू चालाया लागलं की त्याचा हात झाकायचा,” ठकूबाईंनी मला समजावलं होतं. “मग ते सोता येतंय की वर, सोताच्या पायानं.”

त्यामुळे आम्ही एकेक थर काढत गेलो तसे हात निघू लागले. निळे, बोटभर लांबीचे, कुठे पाचही बोटं, कुठे नुसता तळवा. प्रत्येक हाताचा फोटो घ्यायचा, माप घ्यायचं आणि स्काल्पेलच्या बारीक पात्याने तो खरवडायचा, कारण त्याच्या खाली आणखी थर होते आणि सगळ्यांच्या खाली मूळ गिलावा असण्याची शक्यता होती. बातमी वस्तीत गेली. दुसऱ्या दिवसापासून माणसं आपापले हात बघायला वर येऊ लागली. एसटीत कंडक्टर असलेला मिशाळ माणूस एका पंजासमोर उभा राहिला. “हा माझा,” म्हणाला. त्याच्या मागून एक बाई म्हणाली, “तुझा कसला? तुझा हात तवाबी भाकरीएवढा हुता. हा आमच्या शोभाचा.” भांडण लागलं. पेठकर सरांनी दोघांनाही बाहेर काढलं.

“शर्वरी, ही जत्रा बंद कर,” ते मला म्हणाले. “आणि कुणीही बोट लावायचं नाही.”

सर कडक होते, पण तुसडे नव्हते. वस्तीच्या बैठकीत त्यांनी एकदा त्या चुन्याला ‘अतिक्रमण’ म्हटलं होतं. तेव्हा मंडळाचे म्हातारे अध्यक्ष शांतपणे म्हणाले होते, “साहेब, आम्ही अतिक्रमण केलं नसतं तर तुम्हाला हितं शेळ्यांची परवानगी घ्यावी लागली असती.” सगळे हसले. सरही हसले आणि त्यानंतर त्यांनी तो शब्द वापरला नाही.

निळ्या थराचा शोध मला अपघाताने लागला. थर किती आहेत ते कळावं म्हणून मी स्तूपाच्या मागच्या बाजूला, जमिनीलगत, नखाएवढी जागा अगदी दगडापर्यंत खोल उघडली होती. भिंगातून तिची कड पाहिली. पांढरा, पांढरा, पांढरा, आणि मध्येच एक स्वच्छ आकाशी रेघ. चहाच्या टपरीवर मी याबद्दल विचारलं, तर टपरीवाला काशिनाथ हसत सुटला.

“तो रावजीचा पराक्रम! ओ आभाळ, हिकडं बघा, बाई तुमची चौकशी करत्यात.”

बाकड्याच्या टोकाला बसलेल्या उंच, हाडकुळ्या म्हाताऱ्याने बशीतला चहा संपवला आणि न बघताच म्हणाला, “सांग की तूच. तुला पाठ हाय.”

काशिनाथने सांगितलं. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली चुना कालवायचा मान रावजी रणपिशांचा होता. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकतात. रावजीने टाकली. पण ओला चुना पांढरा दिसत नाही, तो वाळल्यावर फुलतो, आणि हे त्या नव्या बापाला कोण सांगणार? त्याला वाटलं, नीळ कमी पडली. आणखी टाकली. तरी दिसेना, तेव्हा पुडाच ओतला. वाळल्यावर सगळा स्तूप आभाळाच्या रंगाचा झाला. वर्षभर तसाच होता. त्या दिवसापासून रावजीचं नाव आभाळ.

“आता पन्नाशीतली माणसंबी आभाळआजोबा म्हणत्यात,” काशिनाथ म्हणाला.

रावजी काठी घेऊन उठले आणि वस्तीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको पहिल्यांदा लेण्यात आली. ती ठकूबाई. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या आणि रोज तोच प्रश्न विचारू लागल्या. सरांनी जत्रा बंद केली होती, पण ठकूबाईंना उठवायचं त्यांच्याही मनात आलं नाही. त्या कशाला हात लावत नसत. माझ्या डब्यात डोकावून मात्र रोज एक शेरा मारत. “हे काय, पुन्हा कोरडी भाजी? तुझ्या आईला सांग, मी म्हणाली म्हणून.”

एकदा मी विचारलं, “आजी, तुम्हाला निळंच का बघायचंय?”

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “निळ्यावर आमच्या विशाखाचा हात हाय.”

विशाखा त्यांची पहिली मुलगी. निळ्या सालात वस्तीत जन्मलेलं ते एकच मूल. निळ्यावर निळा हात दिसणार नाही, म्हणून तिचा तळवा निव्वळ पांढऱ्या चुन्यात बुडवला होता. “चुना भाजतो,” ठकूबाई म्हणाल्या. “म्हणून आधी खोबरेल चोळलं तळव्याला. लगेच धुतलाबी. रडली न्हाई. सगळ्यांच्या लेकरांचे हात निळे, आमच्या एकटीचा पांढरा.”

“मग?”

“त्याच पावसात गोवर आला. गेली.”

बाहेर पायऱ्यांचे दगड बसवणाऱ्या माणसांचे हातोडे वाजत होते.

“फोटू काढायची रीत नव्हती तवा,” त्या म्हणाल्या. “कपडे कुणाकुणाच्या लेकरांना दिले. मागनं दोन पोरं झाली, पिंपरीला असत्यात, चांगली हायत. पर तिचं काय ऱ्हायलं न्हाई बघ. तेवढा हात हाय आत.” त्यांनी स्तूपाकडे बोट केलं. “आमच्या माणसाला एकदा दावायचाय. मग तुमी खरवडा. माझं काय म्हणणं न्हाई.”

“रावजीबाबा वर येतील?”

“येत न्हाईत. तवापासनं आलेलेच न्हाईत. गुडघं दुखत्यात.”

तेव्हा ते पंचविशीचे असतील, हे माझ्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी मी सरांना विचारलं. आमच्या कामात चुना सगळा काढला तरी एक पट्टी तशीच ठेवतात. तिच्यात सगळे थर पायरी-पायरीने दिसतात. आधी इथे काय होतं, असं पुढे कुणी विचारलं तर दाखवायला साक्ष म्हणून तिला साक्षीपट्टी म्हणतात. सरांनी ती स्तूपाच्या मागे, जमिनीलगत आखली होती, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही.

“सर, साक्षीपट्टी पुढच्या बाजूला घेता येईल का?”

“पुढे कुठे?”

“जिथे एक हात सापडेल तिथे.”

“सापडेल तिथे?” त्यांनी चष्मा काढला. “आराखड्यात असं लिहू? ‘सापडेल तिथे’?”

मी विशाखाबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“हात आहे हे कुणी सांगितलं?”

“तिच्या आईने.”

“चाळीस वर्षांपूर्वीचं.” ते चष्म्याच्या काचा पुसत राहिले. “हे बघ, पौर्णिमेला उद्घाटन आहे. सोमवारपासून पुढचा सगळा भाग दगडापर्यंत घ्यायचा. तोवर शोध. सापडला तर बोलू. नाही सापडला तर पट्टी आहे तिथेच राहील.”

दुसऱ्या दिवशी मी ठकूबाईंना विचारलं, हात नेमका कुठे उमटवला होता?

“दारातनं आत आलं की समोर,” त्या लगेच म्हणाल्या. “म्या कडेवर घेतली हुती. वरच्या कमानीतनं ऊन येत हुतं, तिच्या तोंडावर. तिनं डोळं बारीक केलं हुतं.”

“दाखवा मला. तशाच उभ्या राहा.”

त्या उठल्या. अंगावरची चादर काढून तिची घडी केली, घडीची गुंडाळी केली आणि ती डाव्या कडेवर घेतली. घेताना त्यांनी नकळत कंबर बाहेर काढली आणि गुंडाळीच्या खाली हात धरला. स्तूपासमोर दोन पावलं मागे-पुढे केली. मग उजव्या हाताने जणू एक छोटं मनगट धरून पुढे नेलं.

“हितं.”

मी खूण केली. म्हातारपणी माणसाची उंची कमी होते, म्हणून तिच्यापासून वर चार बोटं आणखी जागा धरली आणि कामाला बसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निळ्या थराची वीतभर जागा उघडली. खरोखर सुंदर रंग होता, सकाळच्या आकाशासारखा. ठकूबाईंनी तो बघितला आणि तोंडावर पदर घेऊन हसल्या. “काय येडा माणूस हुता! पुडाच्या पुडा!”

पण हात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डावीकडे सरकले, मग उजवीकडे. परातीएवढी निळी जागा झाली. हात नव्हता. ठकूबाई आता हसत नव्हत्या. पुन्हा चादर कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. पुन्हा तीच जागा. “हितंच,” म्हणाल्या. “मला चांगलं आठवतंय. ऊन हुतं तिच्या तोंडावर.”

कमानीतलं ऊन तेव्हाही आत आलं होतं. ते स्तूपावर बरंच उंच, त्याच्या घुमटाच्या सुरुवातीला पडलं होतं. माझ्या डोक्याच्याही वर. मी ते पाहिलं, आणि सोमवारला एकच दिवस उरला आहे एवढंच माझ्या मनात आलं.

दुपारी मी टपरीवर गेले. रावजी बाकड्यावर होते. काशिनाथ भट्टीत फुंकर मारत होता.

“काय बाई,” रावजी म्हणाले, “झाला का खरवडून आमचा चुना?”

“होत आलाय.”

“सावकाश खरवडा. भट्टीचा हाय तो, घरी विरवलेला. आत्तासारखा पिशवीतला न्हाई.”

“तुमचा थर लागला, बाबा. निळा.”

काशिनाथ मोठ्याने हसला. “बघा! आभाळ सापडलं!”

रावजी हसले नाहीत. बशी हातात तशीच धरून त्यांनी विचारलं, “आन् हात?”

आम्ही हात शोधतोय हे त्यांना माहीत होतं तर. ठकूबाईंनी घरी सांगितलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सांगितलं, आजींनी दाखवली ती सगळी जागा उघडली, पण सापडला नाही. आता उद्यापासून पुढचं सगळं काढायचं आहे.

“कुटं शोधला?”

मी उठून उभी राहिले आणि माझ्या छातीच्या उंचीवर हात धरला. “इथे. त्या म्हणाल्या, कडेवर होती.”

त्यांनी बशी खाली ठेवली.

“तितं न्हाई घावायचा.”

“का?”

“पोर तिच्या कडेवर नव्हतीच. माझ्या खांद्यावर हुती.” ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, डोंगराकडे बघत होते. “दोनी हातांनी माझं केस धरून बसलेली. सोडायला तयार न्हाई. ठकीनं खालनं टाचा उंच करून एक हात सोडवला, त्याला तेल लावलं, चुन्यात बुडवला. सगळं तिनंच केलं. म्हणून तिला वाटत असंल, पोर आपल्याजवळ हुती.”

काशिनाथने भट्टी फुंकायची थांबवली होती.

रावजींनी काठी घेतली. “चला.”

“आभाळ कुटं निघालं?” काशिनाथने हळूच विचारलं.

“वर.”

नव्या पायऱ्या जवळजवळ पूर्ण झाल्या होत्या. रावजी कठड्याला धरून चढले. मी मागे होते, पण आधार द्यायची वेळ आली नाही. अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी कठड्यावर थाप मारली. “पयल्यांदा म्हटलं, डोंगराला हे दांडकं कशाला? पर बरं केलंय.”

लेण्याच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या. आत ठकूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, चादरीची गुंडाळी अजून मांडीवर होती. नवऱ्याला बघून त्या एकदम उभ्या राहिल्या.

“अवो! गुडघं?”

“गुडघ्याला काय झालंय?”

रावजींनी स्तूपाला हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच ठेवले. मग पुढे जाऊन मी उघडलेली निळी जागा पाहिली.

“लईच नीळ झाली हुती,” ते म्हणाले.

“पुडा ओतला हुता,” ठकूबाई म्हणाल्या.

“दीड पुडा. काशिनाथला म्हाईत न्हाई.”

ते स्तूपासमोर उभे राहिले. दोन्ही हात वर नेऊन खांद्यांपाशी धरले, जणू दोन छोटे घोटे धरले आहेत. मान जरा पुढे झुकवली. तसेच क्षणभर राहिले. मग एक हात सोडून तो कपाळाच्या वर, पुढे नेला.

“हितं बघा.”

ऊन कललं होतं, पण ती जागा मला ओळखू आली. सकाळी कवडसा तिथेच पडला होता.

मी स्टूल आणलं आणि वर चढले. पांढरा थर, त्याखाली पांढरा. हात हलका ठेवून मी थर पातळ करत गेले. पांढऱ्या चुन्याखालचा पांढरा हात कसा वेगळा करायचा याची मला भीती होती, दोन्ही एकच. पण शेवटच्या थराला टोक लावलं आणि एक पापुद्रा पापडासारखा आपोआप सुटून माझ्या तळहातावर पडला. तेलामुळे. चाळीस वर्षांपूर्वी एका बाळाचा तळवा भाजू नये म्हणून चोळलेल्या खोबरेलामुळे वरचा चुना तिथे कधी नीट चिकटलाच नव्हता.

निळ्यावर पांढरा पंजा होता. चार बोटं स्पष्ट. अंगठा एका बाजूला फराटलेला.

“आहे,” मी म्हणाले आणि खाली उतरले.

रावजी जवळ गेले. त्यांच्या कपाळाच्या जरा वरच तो येत होता. बघत राहिले.

“अंगठा बघ,” ते ठकूबाईंना म्हणाले. “हात मागं ओढला तिनं. परत केस धराया.”

“मला दिसंना.” ठकूबाई टाचा उंचावत होत्या. “मला कुटं दिसतंय!”

मी स्टूल सरकवलं. रावजींनी त्यांना कोपराला धरून वर चढवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांनी पाहिलं. पदर तोंडाशी नेला. त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

“आजी, हात नका लावू,” मी म्हणाले. मला ते म्हणायचं नव्हतं. पण थर ताजा उघडला होता.

त्यांनी हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. पंजापासून बोटभर अंतरावर आपला तळवा तसाच धरून ठेवला.

मग खाली न बघता त्या बोलू लागल्या, “म्या झाकला हुता हा. पुढल्या पौर्णिमेला. सगळी वाडी खोळंबलेली, नव्या लेकरांचे हात लावायचे हुते, आन् तुमी हितं बसून, चुन्याची कुंची हातात घिऊन, उठंना. कुणी काय बोलंना. मग म्याच कुंची घेतली. डोळं मिटून लावला चुना. डोळं उघडलं तवा सगळं पांढरं झालं हुतं.”

रावजी ऐकत होते.

“तवापासनं तुमी वर आला न्हाई,” ठकूबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, माझा राग हाय. म्हणून म्हटलं, एकदा दावावा. म्या झाकला, म्याच दावावा.”

“ठके,” रावजी म्हणाले, “खाली बघ.”

त्यांनी खाली पाहिलं. तिथे परातीएवढी निळी, रिकामी जागा होती.

“तू तितं लावत हुतीस. तितंच, पुन्हा पुन्हा, रडत. तितं हात नव्हताच. तुझा हात वर पोचलाच न्हाई.” ते थांबले. “तू डोळं मिटलं हुतंस, तवा म्या दुसरी कुंची घेतली. वरचं म्या लावलं.”

ठकूबाई स्टुलावर उभ्या होत्या. रावजींनी त्यांचं कोपर धरलेलं होतं.

“मग वर का आला न्हाई इतकी वर्सं?”

“तू रोज बुद्धाच्या मूर्तीफुडं बसून म्हणायचीस, म्या झाकला, म्या झाकला. मला सांगाया जमलं न्हाई, म्या म्हणून. हितं आलो असतो तर सांगावं लागलं असतं.”

“येडं माणूस,” ठकूबाई म्हणाल्या. “आभाळ.”

त्यांनी तसं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वस्तीतले सगळे रावजींना त्या नावाने हाक मारायचे, त्या कधीच नाही.

मागे कुणीतरी घसा खाकरला. पेठकर सर दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते पुढे आले, स्टुलावरून ठकूबाईंना उतरवायला त्यांनी दुसऱ्या बाजूने हात दिला, मग स्वतः चढले आणि खिशातलं भिंग काढून पंजा बघू लागले.

“साहेब,” रावजींनी विचारलं, “वर चुना बसला नसता तर?”

“तर?” सर भिंगातूनच बोलले. “वटवाघळं, ओल, लोकांचे हात. पाच-सात वर्षांत गेला असता. वर थर बसला म्हणून राहिला.”

“हां.” रावजी बायकोकडे वळले. “ऐकलंस?”

“ऐकलं.”

सर खाली उतरले, भिंग खिशात टाकलं आणि मला म्हणाले, “माप घे.”

“हाताचं? घेते, सर.”

“हाताचं घेच. पट्टीचं घे. वरून खालपर्यंत, हात मधोमध येईल अशी. आराखडा मी रात्री बदलतो.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि ह्या दोघांना उन्हं उतरेपर्यंत बसू दे.”

दोघं खांबाला टेकून बसले. ठकूबाईंनी माझा डबा उघडून बघितला आणि रावजींना म्हणाल्या, “बघा, पुन्हा कोरडी भाजी.”

त्या वर्षी पौर्णिमेला चुना लागला नाही. पुढेही लागणार नव्हता. वस्तीने ते मान्य केलं, हसत नव्हे, पण केलं. नव्या बाळांचे हात खालच्या विहाराच्या भिंतीवर उमटू लागले. उद्घाटनाला खुर्च्या होत्या, भाषणं झाली. रावजी आणि ठकूबाई दुसऱ्या रांगेत बसले होते आणि भाषण चालू असताना कशावरून तरी कुजबुजत भांडत होते.

मधल्या काळात दोघंही गेले, आधी ठकूबाई, पाठोपाठ रावजी. दोन वर्षांपूर्वी पौर्णिमेला मी पुन्हा बोरदऱ्याला गेले. पायऱ्यांवर रांग होती. स्तूप दगडाच्या रंगाचा, आणि समोर वरपासून खालपर्यंत एक अरुंद पांढरी पट्टी, तिच्यात मधोमध निळा तुकडा. शेजारच्या फलकावर लिहिलं आहे, ‘चुन्याच्या थरांचा नमुना’. बाकी काही नाही. तो मजकूर मीच लिहिला होता.

माणसं थांबत होती, वर बघत होती, पुढे जात होती. हात बऱ्याच जणांना दिसतच नव्हता, तो इतक्या वर आहे. माझ्यापुढच्या माणसाने वर्षभराच्या मुलीला खांद्यावर घेतलं होतं. पट्टीपाशी आल्यावर ती बरोबर त्या पंजासमोर आली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

“हात नाही लावायचा, ताई,” वस्तीतली एक मुलगी, गळ्यात मार्गदर्शकाचं ओळखपत्र घातलेली, खालून म्हणाली.

खांद्यावरच्या मुलीने हात मागे घेतला आणि दोन्ही मुठींत बापाचे केस घट्ट धरले.